सांगलीहून एका दिवसात गोल ट्रेक: वासोटा-नागेश्वर की चंदन-वंदन?

तुमचा प्रश्न असा दिसतोय: डिसेंबरात सांगलीहून सहाजण निघणार, त्यातले दोघे पहिल्यांदाच डोंगर चढणार, चढलेल्या वाटेनेच उतरायचं नाही आणि सगळं एका दिवसात आटपायचं. मग वासोट्याचा जंगलातला किल्ला आणि त्यापुढचं नागेश्वरचं गुहेतलं शिवमंदिर, असं वासोटा-नागेश्वर जमेल का? मी साताऱ्याचा, सुट्टी मिळाली की डोंगरातच असतो. माझं मत सरळ सांगतो. या खेपेला वासोटा-नागेश्वर नको, चंदन-वंदन करा.

वासोट्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. तिथल्या बाबूकड्यासमोर, त्या सरळसोट कातळभिंतीसमोर, उभं राहिलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. पण तिथलं घड्याळ तुमच्या हातात नसतं. बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशयातून तास-दीड तास लाँचने जायचं, पायथ्याच्या मेट इंदवलीच्या चौकीवर नोंद करायची. पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा तिथे मोजून घेतात आणि परत आल्यावर त्या दाखवाव्या लागतात (ही पद्धत सगळ्याच गडांवर हवी). जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं, म्हणून मुक्काम बंद, संध्याकाळच्या आत बाहेर. त्यात नागेश्वर जोडला की चाल दुप्पट होते आणि उतरताना ओढ्यातले दगडधोंडे तुडवावे लागतात. अर्ध्यावर कुणाचा गुडघा धरला तर पुढे जायचं अंतर तेवढंच आणि मागे फिरायचंही तेवढंच. खाली लाँचवाला खोळंबलेला असतो तो वेगळाच.

म्हणून गोल ट्रेक ठरवताना मी आधी एकच बघतो: मध्येच सोडून द्यायची वेळ आली तर कुठून सुटता येईल? चंदन-वंदनला याचं उत्तर तयार आहे. हे शेजारी-शेजारी उभे असलेले जोडकिल्ले आहेत आणि दोघांच्या मध्ये खिंड आहे. आधी खिंडीत चढायचं, एक गड करायचा, परत खिंडीत यायचं, मग दुसरा. वाट आठच्या आकड्यासारखी होते. पहिला गड झाल्यावर खिंडीत बसून सगळ्यांची तोंडं बघायची. कुणी गप्प झालं असेल, सारखं पाणी मागत असेल किंवा जिना उतरल्यासारखा एकेक पाय जपून टाकत असेल, तर दुसरा गड सोडून सरळ खाली यायचं. दिवस फुकट गेला असं कुणालाच वाटत नाही, कारण एक गड तर झालेला असतो.

सुरुवात वंदनपासून करा. तो उंच आहे, दरवाजे आणि वाड्यांचे अवशेषही तिथेच जास्त. दुपारी थकल्यावर ते बघायचा उत्साह राहत नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातले हे गड मानतात.

पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर भुईंजजवळून किकलीकडे वळायचं आणि बेलमाचीच्या बाजूने चढायचं. सांगली-पेठ-कराड-सातारा हा प्रवासच अडीच-तीन तासांचा आहे, त्यामुळे शक्य असेल तर आदल्या रात्री साताऱ्यात राहा. बेलमाचीत माहितगार वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या आणि उतरताना दुसऱ्या सोंडेची वाट दाखवायला सांगा. ती वाट कुठल्या गावात उतरते हे मात्र चढण्याआधीच विचारून ठेवा, नाहीतर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

वेळेचा हिशोब उलटा मांडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेचारला पायथ्याशी पोचायचंच. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा दिला होता: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपल्याकडे नवखी मंडळी, फोटो आणि 'जरा टेकू या' धरून तो सरळ दुप्पट करायचा. दुपारी एकपर्यंत खिंडीत परतला नाहीत तर चंदनचा नाद सोडा.

खरी कसोटी उतारावर लागते. सुट्टा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत आणि खाली कातळ. गवत दिसायला मऊ, पण पाय तेलावर पडल्यासारखा सटकतो. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, तिरकं उतरायचं. दोघांत निदान एक काठी हवीच. गुळगुळीत तळव्याचे चालायचे बूट घरीच ठेवा. मोजे जाड आणि लांब घ्या, नाहीतर कुसळं काढण्यातच अर्धा तास जाईल.

पाणी माणशी तीन लिटर खालूनच न्या. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. जेवायला भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे भरपूर झाले, वर चूल पेटवायच्या भानगडीत पडू नका. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. शिवाय धूर आणि अत्तराचा वास यांनी आग्या मोहोळ उठतं, तेव्हा सेंट मारून येणाऱ्या मित्राला आधीच दम द्या. 112 आणि 108 हे नंबर सगळ्यांना माहीत असू द्यात. घरच्यांना फक्त 'ट्रेकला चाललोय' असं सांगू नका. कुठल्या गावातून चढणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, तेही सांगा.

साडेचारच्या आत उतरलात तर किकलीत थांबा. भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, इतके आहेत की एकेक बघता बघता अंधार पडेल.