अँटिव्हायरस कोणता घ्यावा त्याआधी बॅकअपची डिस्क काढून ठेवा

तुम्ही विचारलंय की सात कॉम्प्युटर आणि टॅली असलेल्या ऑफिसला फुकटचा अँटिव्हायरस पुरेल का, की विकतचाच घ्यावा. पंधरा-सोळा वर्षं मी अशीच लहान ऑफिसं सांभाळतोय, म्हणून आधी मीच विचारतो: तुमची बॅकअपची हार्डडिस्क आत्ता कुठे आहे? मशीनला लावलेलीच असेल तर पुढचं वाचण्याआधी ती काढून कपाटात ठेवा.

काही वर्षांपूर्वी ऐन मार्चअखेरीला एका करसल्लागारांचा रात्री फोन आला. सगळ्या फाइलींची नावं बदललेली, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. अँटिव्हायरस विकतचा होता आणि चालूही होता. बॅकअप रोज होत होता, पण ती डिस्क वर्षभर सर्व्हरच्या मागे लावलेलीच. रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसच्या दृष्टीने ती आणखी एक ड्राइव्ह, बाकी काही नाही. तिच्यावरचंही सगळं लॉक झालं. नंतर बँकेची स्टेटमेंटं आणि कागदी बिलं घेऊन त्या ऑफिसातल्या मुलांनी वर्षभराच्या एंट्र्या पुन्हा मारल्या. ते दिवस मी विसरलेलो नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम थांबलं, आपल्या न्हावा-शेव्यातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा. कोणत्या युजरला काय परवानगी याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवायचे, आणि ते एकाच वेळी गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण तिथे वीज गेल्यामुळे तो नेमका बंद होता. त्या एका प्रतीच्या आधारे त्यांनी नेटवर्क पुन्हा उभं केलं.

तुम्हाला वीज जायची वाट बघायला नको. दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरी मालकांच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातला टॅलीतल्या एखाद्या कंपनीचा डेटा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून टॅलीत उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नका. सातही जणांना स्टँडर्ड युजर करा आणि प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. नॉटपेट्या एका मशीनमधून अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या मशीनमध्ये शिरायचा, त्यामुळे अपडेट केलेली मशीनंही वाचली नाहीत. तरी अपडेट टाळू नका. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या दुसऱ्या रॅन्समवेअरने विंडोजमधल्या ज्या भोकातून धुमाकूळ घातला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. तशी मशीनं असतील तर त्यांचा निर्णय याच महिन्यात घ्या.

क्रॅक सॉफ्टवेअर तर अजिबात नको. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. मराठी टायपिंगसाठी लोक हे हमखास करतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. सात मशीनना विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरतो, फक्त तो चालू आणि ताजा हवा. सगळी मशीनं एका जागेवरून बघायची असतील आणि अडल्यावर फोन करायला कुणी हवं असेल, तर विकतचा जरूर घ्या. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस मात्र टाकू नका, ते एकमेकांशीच भांडतात.

फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी अक्षरं, दिसतील असंही करून ठेवा. त्या करसल्लागारांकडे आलेलं 'बिल' पीडीएफ दिसत होतं, पण नावाच्या शेवटी लपलेलं डॉट ईएक्सई, म्हणजे तो प्रोग्राम असल्याची खूण, कुणाला दिसलंच नाही.

ते उघडणाऱ्या मुलीला दुपारी चारलाच काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं. साहेब रागावतील म्हणून ती गप्प राहिली, आणि संध्याकाळपर्यंत सर्व्हर गेला. तिने तेव्हाच लॅनची केबल उपटली असती तर एका मशीनवर निभावलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येक मॉनिटरला एक कागद चिकटवतो: 'विचित्र काही दिसलं तर केबल काढा, वाय-फाय बंद करा, फॉरमॅट करू नका, लगेच फोन करा. कुणी रागावणार नाही.' खाली माझा नंबर आणि सायबर पोलिसांचा १९३०. 'कुणी रागावणार नाही' ही ओळ मालकांनी स्वतःच्या हाताने लिहावी, असा माझा आग्रह असतो.