साताऱ्याहून लॅब्रॅडॉरला घेऊन अलिबागला जायचंय. कुलाबा किल्ल्यावर नेता येईल का, आणि दिवस कोणता धरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३० किलो, डिसेंबरात दोन दिवस अलिबाग, कुलाब्यावर चालत जायचा बेत, मुक्काम कुठे करावा. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, "मित्र म्हणतात, खाऱ्या पाण्यात दोनदा बुडवून आणा, गोचीड आणि खाज दोन्ही जातील." आधी हे शेवटचं घेतो. साताऱ्यात हे खूळ मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्यापायी चांगली कुत्री आजारी पडतात.

खाऱ्या पाण्याने गोचीड मरत नाही. ती कातडीत तोंड रुतवून बसलेली असते आणि पाण्यात बुडाली तरी बराच वेळ तगते. खरजेचे किडे तर कातडीच्या आत बिळं करून राहतात, तिथवर समुद्र पोचतच नाही. उलट नुकसान होतं. मानेवर थेंब टाकायचं फिप्रोनिलचं औषध लावलं आणि दुसऱ्याच दिवशी लाटांत सोडलं, की औषध वाया. कातडीच्या तेलात पसरायला त्याला दोन दिवस कोरडे लागतात, आणि पुढेही रोज पोहणं न् शाम्पू झाला तर महिनाभर पुरत नाही. समुद्रावर जायचंय तर पोटातून द्यायची गोळी घ्या. अफॉक्सोलानर महिनाभर चालते, फ्लुरालानर साधारण १२ आठवडे. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, जेवणासोबत. पूर्वी कधी आकडी आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता खाजेचं. मीठ केसांत वाळतं, कुत्रा ते चाटत बसतो, आणि लॅबच्या आतल्या दाट लोकरीत ओल राहून दुसऱ्या दिवशी मांडीवर किंवा कानाखाली लालभडक चिकट चट्टा उठतो. खाज घालवायला नेलेला कुत्रा खाज घेऊन येतो. पाण्यातून बाहेर आला की लगेच गोड्या पाण्याने धुवा, काखेतली आणि बोटांमधली वाळू हाताने काढा, कान आतून कोरडे करा.

पोटात गेलेलं पाणी याहून वाईट. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. लाटांत चेंडू पकडताना कुत्र्याचं तोंड उघडं राहतं आणि प्रत्येक झेपेला घोट जातो. अर्धा लिटर पोटात गेलं म्हणजे चहाचे तीन चमचे मीठ गेलं. आधी पातळ जुलाब आणि उलटी होते. जास्त गेलं तर रक्तातलं मीठ पेशींमधलं पाणी ओढून घेतं, मेंदूतलंसुद्धा. मग झोकांड्या, थरथर, आकडी. अशा वेळी घाबरून बादलीभर पाणी पाजू नका, मेंदूला सूज येते. ते मीठ हळूहळूच खाली आणावं लागतं आणि ते काम सलाइन लावून डॉक्टरांचं. एखादीच उलटी झाली असेल आणि कुत्रा हुशार असेल तर दर १०-१५ मिनिटांनी अर्धी वाटी गोडं पाणी द्या. मुळात गोल चेंडू नेऊच नका. तरंगणारं चपटं खेळणं न्या, ते तोंड मिटून धरता येतं. दर १५ मिनिटांनी बाहेर बोलवा आणि पाणी दाखवा. तहानलेला कुत्रा समुद्र पितो, हे पक्कं लक्षात ठेवा. ३० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं. तुम्ही चार लिटर न्या, धुवायचं वेगळं.

कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि चालत फक्त ओहोटीलाच जाता येतं, म्हणून दिवस घरच्या पंचांगावर ठरवा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला ३ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोनला भरती. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं मागे हटत नाही, वाट गुडघाभर पाण्यात राहू शकते. म्हणून कुत्र्यासाठी मार्गशीर्ष किंवा पौषातली द्वितीया-तृतीया धरा, शुद्ध असो की वद्य. तृतीया असेल तर सातला किनाऱ्यावरून निघा आणि नऊला गडावरून परत फिरा. गड कितीही आवडला तरी. पुष्करणी, १७५९ चं गणपती मंदिर, तटाची एक बाजू एवढं बघून होतं. तिकिटाच्या खिडकीशी कुत्र्याचं आधी विचारा, आणि आत नाही म्हणाले तर बाहेर कोण थांबणार ते घरूनच ठरवून जा. बांधून ठेवून आत जायचं नाही.

वाटेवर दोन गोष्टी सांभाळा. ओहोटीला घोडागाड्या त्याच वाटेने जातात; तुमचा कुत्रा घोड्याला भुंकत असेल तर गाडी दुरून दिसताच बाजूला होऊन त्याला बसवा. दोरी दोन मीटरचीच, आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, म्हणजे शेवाळावर पाय घसरला तर पाठीवरून उचलता येतं. दुसरं म्हणजे कालवं. खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांची कड ब्लेडसारखी असते आणि पाण्यात भिजून पंजा मऊ झालेला असतो. कापलं तर गोड्या पाण्याने धुवा, गॉजने पाच मिनिटं न उचलता दाबा, बोटांमध्ये कापूस ठेवून पट्टी बांधा. पट्टी ओली झाली की बदला.

साताऱ्यातले २८ अंश आणि अलिबागचे २८ अंश एक नव्हेत. कुत्रा जिभेवरचं पाणी वाळवून अंग थंड करतो. कोकणातल्या दमट हवेत ते वाळतच नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तासभर पळणारा लॅब तिथे वीस मिनिटांत दमतो. जीभ रुंद आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती दिसली की तिथेच अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, दवाखाना त्यानंतर. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

आंबेनळी घाटाने उतरणार असाल तर सकाळी दूध-चपाती घालून गाडीत बसवू नका; शेवटचं जेवण आदल्या रात्री आठला. वाटेत चहाला थांबलात तर एकजण गाडीबाहेर कुत्र्याजवळ हवाच. बाहेर २५ अंश असले तरी बंद गाडी अर्ध्या तासात चाळिशी ओलांडते.

मुक्कामाचं म्हणाल तर फोनवर "पेट चालतं का" एवढंच विचारू नका. खोलीत की बाहेर पडवीत, ते विचारा, आणि अंगणात गोड्या पाण्याचा नळ आहे का तेही.

तिथीचा हिशेब पुढेमागे होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला वेळ विचारून घ्या आणि तो सांगेल तीच धरा. पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा, लवकर धाप लागणारा कुत्रा असता तर मी हा बेत करूच दिला नसता. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लस वर्षाच्या आतली हवी. कोकणात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही आहे.