टॅन्टलाइझ : पाणी हनुवटीपर्यंत, तरी घसा कोरडाच

प्रश्न : आमच्या भागातल्या एका हॉटेलच्या मेनूकार्डवर 'टॅन्टलायझिंग मटण सुक्कं' असं छापलंय. मुलगी म्हणते टेम्प्टिंग आणि टॅन्टलायझिंग एकच, दुसरा जरा भारी वाटतो इतकंच. खरंच तसंय का? आणि हा शब्द ग्रीक कथेतून आलाय म्हणतात, ती कुठली कथा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : एकच नाहीत, आणि का नाहीत ते कथा वाचली की लगेच कळतं. टॅन्टलस नावाचा राजा होता, ग्रीकांच्या देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, राज्य आजच्या तुर्कस्तानात सिपिलस डोंगराच्या बाजूला, आणि मान एवढा की देवांच्या पंगतीला बसायचा. त्याचा गुन्हा काय यावर ग्रीकांचंच एकमत नाही, कुणी म्हणतं देवांचं अमृत चोरून माणसांना वाटलं, कुणी म्हणतं पोटच्या पोराला, पेलॉप्सला, कापून शिजवून देवांना वाढलं. शिक्षा मात्र होमर या ग्रीक कवीच्या ओडिसी महाकाव्यात अकराव्या सर्गात अगदी डोळ्यासमोर उभी राहते : म्हातारा टॅन्टलस तळ्यात हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, प्यायला वाकला की पाणी जमिनीत जिरतं आणि पायाखाली नुसती काळी माती दिसते, डोक्यावर फळं लोंबतायत, हात वर केला की वारा फांद्या ढगांकडे उडवून नेतो. त्या फळांत नाशपाती, सफरचंद, अंजीर, ऑलिव्ह आहेत आणि चक्क डाळिंब पण आहे, आपल्या जिल्ह्याचं डाळिंब म्हणजे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं, त्यामुळे ती ओळ वाचताना सोलापूरकराला जास्तच लागते बघा.

या नावावरून सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत टॅन्टलाइझ हे क्रियापद आलं. टेम्प्ट म्हणजे मोह पाडणं, मोह झाला आणि हात घातला तर वस्तू मिळते पण. टॅन्टलाइझमध्ये वस्तू समोर असते, आपण तरसत राहतो आणि ती हाताला लागत नाही. उजनी धरण भरल्याची बातमी पेपरात, आणि घरात रिकामे ड्रम मांडून नळाकडे बघत बसलेली बाई, वर्षानुवर्षं रोजचं पाणी न बघितलेल्या या गावाला टॅन्टलाइझ शब्द वेगळा समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे 'झुलवणं' जवळचं आहे, 'हातातोंडाशी आलेला घास गेला' हे पण जवळचं, पण त्यात घास एकदाच जातो, टॅन्टलसचा रोज जातो. आणि कोल्ह्यासारखं द्राक्षं आंबट म्हणून निघून जायची सोय त्याला नाही, कारण तहान संपतच नाही.

आता मेनूकार्ड. ते चूक नाही, आजच्या इंग्रजीत खमंग वासाला, जाहिरातीतल्या झलकेला सर्रास टॅन्टलायझिंग म्हणतात आणि डिक्शनरीत पण ते बसतं. पण मला विचाराल तर सुक्कं ताटात आल्यावर हा शब्द वाया जातो, किचनमधून वास येतोय आणि ऑर्डर अजून आली नाही तेवढ्यापुरताच तो खरा. जास्त शोभतो तो एका रनने हुकलेल्या मॅचला, तिथे 'टॅन्टलायझिंगली क्लोज' म्हणतात, किंवा शास्त्रज्ञांना एखादा पुरावा अर्धवटच सापडला की. मुलीला सांगा, सेल बघून मोह झाला तर टेम्प्टिंग लिही, दुकानाचं शटर बंद आणि काचेतून ड्रेस दिसतोय तर टॅन्टलायझिंग.

प्रश्न : केमिस्ट्रीतलं टँटलम याच टॅन्टलसचं का?
– एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : हो, त्याचंच. 1802 मध्ये स्वीडनच्या एकेबर्गने हे मूलद्रव्य शोधलं, त्याचा ऑक्साइड आम्लात कितीही बुडवून ठेवा, तो आम्ल घेतच नाही, विरघळतच नाही, म्हणून हे नाव. अणुक्रमांक 73, मोबाइलच्या बारक्या कपॅसिटरमध्ये वापरतात. त्याच्यासोबत खनिजात जे दुसरं मूलद्रव्य सापडतं, त्याला 1844 मध्ये हाइनरिख रोझने टॅन्टलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव दिलं, तेच तुमचं 41 नंबरचं नायोबियम.