'स्मोक ऑन द वॉटर' गाण्यातली आग खरंच लागली होती का? आणि गाणं आलं तेव्हाच गाजलं का?

आग शंभर टक्के खरी. हे गाणं म्हणजे चाल लावलेला पंचनामाच आहे.

डिसेंबर १९७१. डीप पर्पल या रॉक बँडची इंग्लिश मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला आली होती. जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या तिथल्या कसिनोत त्यांना नवा अल्बम रेकॉर्ड करायचा होता. त्यासाठी रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत सगळी यंत्रं बसवलेला ट्रक, भाड्याने आणला होता. ४ तारखेला तिथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम होता, तो आटोपला की हॉल यांचा. पण कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारं पिस्तूल) झाडली आणि छताने पेट घेतला. इमारत बेचिराख झाली, मात्र जीव कुणाचा गेला नाही. गाण्यात पोरांना बाहेर काढणारा 'फंकी क्लॉड' येतो ना, तो म्हणजे माँत्रो जॅझ महोत्सव भरवणारा क्लॉड नोब्ज.

बँडवाले हॉटेलातून बघत होते. धूर सरोवरावर पसरत चालला होता. काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठता उठता 'स्मोक ऑन द वॉटर' असं पुटपुटला. नाव मिळालं, पण हे नशापाण्याचं गाणं वाटेल अशी शंकाही आली!

संगीत मात्र नाव सुचण्याआधीच तयार होतं. कसिनो गेल्यावर ते पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात गेले आणि मूळ ट्रॅक तिथे वाजवला. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, पोलीस आले. वाजवणं पुरं होईपर्यंत बँडच्या माणसांनी दारं आतून दाबून धरली होती. बाकीचा अल्बम हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळकांडीत, गाद्या टेकवून आवाज अडवत झाला.

आता गाजण्याचं. मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' अल्बम आला, पण सिंगल (सुटं विकायचं गाणं) म्हणून त्यांनी निवडलं 'नेव्हर बिफोर', जे आज चाहत्यांनाही पटकन आठवत नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'चं सिंगल अमेरिकेत निघालं थेट १९७३ मध्ये, आणि ते बिलबोर्ड या तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. तोवर बँडमधली भांडणं इतकी विकोपाला गेली होती की गाणं वर चढत असतानाच, जूनअखेरीस, गायक इयन गिलन आणि ग्लोव्हर दोघेही बँड सोडून गेले. ज्याच्या तोंडून नाव निघालं तोच बाहेर.

लोक हे गाणं आगीमुळे लक्षात ठेवतात असं मला वाटत नाही. लक्षात राहतं ते सुरुवातीचं गिटार. आपल्या भाषेत: सा ग म, सा ग म(तीव्र) म, सा ग म ग सा. ग कोमल. शुद्ध आणि तीव्र मध्यम असे शेजारी शेजारी आले की मला उगाच ललत राग आठवतो (बाकी काही संबंध नाही, ललतात ग शुद्ध असतो). पण हे एकेरी सूर नव्हेत. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन तारा एकदम छेडतो आणि प्रत्येक सुराखाली चार सुरांवरचा दुसरा सूर असतो. पहिली जोडी मंद्र पंचम आणि षड्ज. म्हणजे तानपुऱ्याचे प आणि सा! हे कळलं तेव्हा मी बहिणीच्या तानपुऱ्यावर त्या दोन तारा एकदम छेडून पाहिल्या आणि शिव्या खाल्ल्या.

शिकणारी बहुतेक पोरं हे एका तारेवर, ०-३-५ असं (मोकळी तार, मग तिसरा आणि पाचवा पडदा) वाजवतात. मीही वर्षभर तेच केलं आणि आपलं गिटारच स्वस्तातलं म्हणून तसं वाजत नाही असं समजत राहिलो. तुम्ही वाजवत असाल तर पिक (तार छेडायची चकती) खिशात ठेवा आणि दोन्ही तारा बोटांनी, एकाच क्षणी उचला. आणि हेडफोन लावून नीट ऐका: गिटार एकटं नाहीये. थोड्या वेळाने बँडच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवरचं की-बोर्ड वाद्य) गिटारच्या मार्शल अँपमधून गुरगुरत तेच सूर वाजवायला लागतो. तो अर्धा आवाज त्याचा आहे.