गुडघ्याखालची उशी

प्रश्न : माझे वय ६७ आहे. उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण होऊन पाच आठवडे झाले. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात झोपायची खोली वरच्या मजल्यावर आणि देवघर खाली आहे. जिन्याची चढउतार किती करावी? झोपाळ्यावर आणि पूजेला पाटावर कधीपासून बसता येईल? रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते आणि झोपही लागते.
— एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : उशीचा उल्लेख आपण शेवटी सहज केला आहे, परंतु मला खरी काळजी तिचीच वाटते. उशीमुळे गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि म्हणून ठणका कमी वाटतो. मात्र रोज रात्रभर तो तसाच राहिला, तर सांध्यामागचा भाग आखडतो, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि पुढे चाल लंगडी होते. ती उशी आजच काढावी. दिवसातून दोनतीन वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा अधांतरी सोडून, मांडीचा स्नायू आवळत गुडघा गादीकडे दाबावा. पोटरीमागे ओढ बसेल, ती सोसण्याइतकीच असावी. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावावा.

जिना चढताना आधी डावा पाय वर टाकावा, उतरताना आधी उजवा खाली ठेवावा, आणि एक हात सतत कठड्यावर असावा. जुन्या घरांतले लाकडी जिने उभे व अरुंद असतात; तेव्हा काही आठवडे पलंगच खाली आणता आला तर फार बरे.

झोपाळ्याशिवाय वडोद्याचे घर मी क्वचितच पाहिले आहे, त्यामुळे आपली ओढ समजते. पण उठण्यासाठी हातांनी जोर दिला की झोपाळा मागे सरकतो आणि तोल जातो. सध्या दोन्ही बाजूंना हात असलेली, उंच बैठकीची खुर्चीच वापरावी. पाटावर मांडी घालून बसण्याची घाई तर मुळीच नको. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत ताम्हन टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून पूजा करावी.

संध्याकाळी गुडघ्याला येणारी सूज काही महिने राहू शकते. पोटरी मात्र अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. आणि धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.