बोकडाच्या हाडाचे मणी काही महिन्यांत पिवळे, तेलकट का होतात?

कारण हाडं उकळली. खळखळ उकळलं की मज्जेतली चरबी हाडात मुरते आणि नंतर हळूहळू बाहेर झिरपते. पांढरं दिसणारं हाड स्वच्छ असतंच असं नाही.

खाटकाकडून नळी घ्या, दोन्ही टोकं करवतीने कापून मज्जा काढा. झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात दोन-तीन आठवडे कुजू द्या. दर चार-पाच दिवसांनी निम्मंच पाणी बदला, सगळं बदललं तर मांस खाणारे जिवाणू निघून जातात. वास भयंकर येतो, बादली घराबाहेरच ठेवा. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण. पाणी गढूळ झालं की बदला. तवंग येणं थांबेपर्यंत महिना लागला तरी घाई नको, सगळी मेख इथेच आहे. शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस. झाकण सैल ठेवा, वायू साठतो. क्लोरीनचं ब्लीच मात्र कधीच नको, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. सावलीत वाळवा, उन्हात तडकतं.

भोक पाडताना ड्रिल हळू, थेंबथेंब पाणी सोडत. केस जळल्यासारखा वास आला तर हाड करपतंय. पॉलिश पेपर ओला करून घासा, २२०, ४००, ८००, १२०० नंबर या क्रमाने, तोंडाला मास्क हवाच. वरून मधमाशीचं मेण.

आणि जंगलात पडलेलं सांबराचं शिंग किंवा हाड उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो, प्राणी आपोआप मेलेला असला तरी.