व्हिएन्नात ऑपेरा उभ्यानं बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षं व्हिएन्नात राहणार म्हणून तुझं अभिनंदन तर करतोच, पण खरं सांगू, थोडा हेवाही वाटला. मी तिथे नोकरीनिमित्त काही वर्षं काढली आणि त्या शहरानं मला काय दिलं म्हणून कुणी विचारलं, तर सगळ्यात आधी तिथल्या संध्याकाळी आठवतात. तू विचारलंयस, ‘ऑपेरातलं मला ओ की ठो कळत नाही, तिकिटं म्हणे फार महाग असतात, मग जाऊ का?’ जा. पहिल्याच महिन्यात जा. आणि खुर्चीत बसून नको, उभ्यानं बघ.

स्टेट ऑपेरात बसायच्या जागांशिवाय उभ्याच्या चारशेहून जास्त जागा आहेत. तिथे त्यांना श्टेहप्लाट्स म्हणतात. चांगली खुर्ची दोनशे युरोंच्याही वर जाते, उभ्याचं तिकीट त्याच्या काही अंशात मिळतं. त्यातली तळमजल्यावरची जागा कुठे आहे, तर पूर्वी सम्राटासाठी राखलेल्या मधल्या बॉक्सच्या बरोबर खाली, रंगमंचाच्या नाकासमोर. इतकं सरळ दृश्य बऱ्याच महागड्या खुर्च्यांवरूनही दिसत नाही. अगदी वरच्या गॅलरीत आवाज फार सुंदर पोचतो, पण बाजूला उभी राहिलीस तर अर्धा रंगमंच गेलाच म्हणून समज. पहिल्यांदा खालीच उभी राहा.

माझ्या वेळी दुपारपासून रांग लागायची. तिकीट मिळालं की आत जाऊन कठड्याला आपला मफलर बांधायचा; मफलर बांधला की ती जागा तुमची. एका संध्याकाळी माझ्याकडे मफलर नव्हता. बायकोनं आपली ओढणी काढून निरगाठ मारली. शेजारच्या म्हातारबुवांनी ती गाठ नीट निरखली, ‘ही सुटायची नाही’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले आणि मध्यंतरापर्यंत आमची जागा राखली. हे गृहस्थ म्हणे कितीतरी वर्षं तिथेच उभे राहून ऐकत होते. कोणत्या गायिकेनं कुठल्या प्रयोगात कुठला सूर धरला होता, हे त्यांना तारीखवार पाठ. त्या ऑपेरागृहाचे खरे दर्दी उभ्याच्या जागेवर भेटतात. आता बरीचशी विक्री त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन होते आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात ऑपेराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघून घे.

एक मात्र कर. ऑपेराभोवती आणि श्टेफान्सप्लाट्स चौकात पांढरे केसांचे टोप आणि लाल कोट घातलेले लोक तिकिटं विकत असतात. त्यांच्याकडून घेऊ नकोस. पहिल्याच आठवड्यात मी घेतलं होतं. ऑपेरा म्हणून गेलो, तर भलत्याच सभागृहात मोजके वादक, दोन गायक आणि सगळ्यांच्या ओळखीचे तुकडे. वाजवलं वाईट नव्हतं, पण त्या पैशांत मी तीन-चार वेळा खऱ्या ऑपेरात उभा राहिलो असतो.

सुरुवात कशानं करावी? ‘तोस्का’नं. पुच्चिनीचा हा ऑपेरा तिथे आजही 1958 सालच्या मांडणीत होतो. तेच नेपथ्य, त्याच हालचाली, गायक मात्र पिढ्यान् पिढ्या बदलत आले. गोष्ट सोपी आहे: सन 1800चं रोम, तोस्का नावाची एक गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि दोघांच्या मुळावर उठलेला पोलीसप्रमुख. जाण्याआधी अर्धा तास काढून ही गोष्ट अंकाअंकाने वाचून जा. पुढे काय होणार हे कळल्यानं मजा जाईल, ही भीती मनातून काढून टाक. सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच लागणार हे ठाऊक असूनही आपली माणसं संगीत नाटकाला रात्र रात्र बसायचीच की! समोरच्या कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत भाषांतर येतं. पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी पडद्याकडे बघू नकोस. तोस्का त्या पोलीसप्रमुखाला भोसकते. मग गाणं थांबतं. ती मेणबत्त्या उचलते, एक त्याच्या डोक्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून छातीवर ठेवते आणि निघून जाते. खाली वाद्यवृंद इतका हळू वाजत असतो की आपला श्वास ऐकू येतो. तेवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी मी ‘तोस्का’ सात वेळा पाहिला.

आणि हे सगळं मायक्रोफोनशिवाय, हे ध्यानात ठेव. मोठ्या वाद्यवृंदाच्या डोक्यावरून माणसाचा नुसता गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. खाली वाजवणारेही साधे नव्हेत. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामवंत वाद्यवृंदाचे वादक याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून येतात. आपल्याकडे एकाच नाट्यगृहात सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग लागतात, तसा इथेही जवळपास रोज वेगळा खेळ. त्यामुळे आठवडाभरात इटालियन, जर्मन आणि एखादा बॅलेही पाहून होतो. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरागृह बंद असतं. जर्मन संगीतकार वागनरचे ऑपेरा मात्र घाईनं घेऊ नकोस. चार-पाच तास उभं राहायला पाय तयार व्हावे लागतात. आणि त्याच्या ‘पार्सिफाल’ला गेलीस तर पहिल्या अंकानंतर टाळी वाजवू नकोस, तशी तिथली जुनी रीत आहे.

इमारतीकडे नुसतं बघून पुढे जाऊ नकोस. 25 मे 1869ला ती मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’नं उघडली, पण बांधणाऱ्या दोघा वास्तुविशारदांपैकी एकही ते पाहायला उरला नव्हता. लोकांनी इमारतीला इतकी नावं ठेवली की एकानं वर्षभर आधीच जीव दिला आणि दुसराही काही आठवड्यांतच गेला. 12 मार्च 1945च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. पुढचा भाग, मोठा जिना वाचला. तू चढशील तो जिना जुनाच आहे.

5 नोव्हेंबर 1955ला ऑपेरागृह पुन्हा उघडलं ते बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’नं. तुरुंगातल्या नवऱ्याला सोडवणाऱ्या बाईची ही गोष्ट. महायुद्धानंतर दहा वर्षं चार परक्या फौजा देशात होत्या, त्या नुकत्याच गेल्या होत्या. हाच ऑपेरा 20 नोव्हेंबर 1805ला पहिल्यांदा झाला तो नाशमार्क्ट बाजाराजवळच्या थिएटर आन डेर वीनमध्ये. नेपोलियनची फौज आठवड्यापूर्वीच शहरात शिरलेली, प्रेक्षकांत फ्रेंच अधिकारी, आणि प्रयोग पडला. ते थिएटर अजून चालू आहे. त्याच्या बाजूच्या दारावर मोत्सार्टच्या ‘जादूई बासरी’ या ऑपेरातला पक्षी पकडणारा पापागेनो बसवलाय, तो बघ. मग ‘फिडेलिओ’ कधी लागतोय यावर लक्ष ठेव आणि तो चुकवू नकोस. दुसऱ्या अंकातली तुतारी ऐकायची म्हणून नव्हे, तर तुरुंगातले कैदी क्षणभर उजेडात येऊन गातात, त्यासाठी.

हलकंफुलकं हवं असेल तर फोल्क्सऑपर हे दुसरं ऑपेरागृह. नाटकासाठी बुर्गथिएटर; नाटकं जर्मनमध्ये असतात, म्हणून वर्षभर भाषा शिकून मग जा. त्याचे जिने मात्र आधीच पाहून घे. तिथल्या छतावर चित्रकार क्लिम्टनं तरुणपणी लंडनच्या ग्लोब थिएटरचं चित्र काढलंय आणि प्रेक्षकांच्या गर्दीत स्वतःलाही रंगवलंय.

मऊ तळव्यांचे बूट घाल. साधे पण नीट कपडे पुरतात. कोट कोटघरात द्यावाच लागतो, त्यासाठी पंधरा मिनिटं हाताशी ठेव, कारण उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत. मध्यंतरात पाव-चीजचे चिमुकले तुकडे फार महाग मिळतात. पोळीचा रोल आधीच खाऊन जा. प्रयोग सुटल्यावर कार्ल्सप्लाट्स स्टेशन दोन मिनिटांवर आहे, पण लगेच खाली उतरू नकोस. इमारतीला एक चक्कर मार. वादक व्हायोलिनच्या पेट्या पाठीला लावून बाजूच्या दारानं घरी निघालेले दिसतील.

तुझा,
काका